दवात भिजलेला दोर

मित्रांनो, आज मला पाहाल तर म्हणाल, हा तर बैलाचा कासरा! शिंगांना घासून आणि घामाने भिजून माझा रंग मातकट झाला आहे. एका टोकाला मोठी गाठ आहे, कारण तिथे मला विळ्याने कापले होते. पण मी कासरा म्हणून जन्मलो नाही. मनश्शेच्या वंशातल्या एन-शाकेद या डोंगराळ गावाचा मी मोजणीचा दोर होतो. आता उरलो आहे तो त्यातला अर्धा.

मला अझूबा आजीने वळले. तिने जवसाचे देठ आधी तळ्यात कुजवले, मग उन्हात वाळवले, लाकडी मोगरीने कुटले आणि फणीने विंचरले. तेव्हा कुठे लांब, मऊ वाख निघाला. त्याचे तीन पेड झाले आणि त्या तीन पेडांचा मी झालो. शेवटचा पेड वळताना आजीने जुन्या, झिजलेल्या दोरातले चिमूटभर तंतू उलगडून त्यात मिसळले. आमच्याकडे तशी रीत आहे. जुन्यातले थोडे घेतल्याशिवाय नवा दोर पुरा होत नाही. म्हणून गावात म्हणत की या दोरात कुठेतरी वंशाला जमीन मिळाली तेव्हाच्या पहिल्या वाटणीच्या दोराचा धागा आहे, आणि त्या दोरात मिसर देशातल्या जवसाचा. हे खरे की खोटे, मला सांगता येणार नाही. इतका बारीक धागा मला स्वतःलाही माझ्यात वेगळा ओळखता येत नाही.

वळता वळता आजी बायकांना वंशाची गोष्ट सांगायची. मनश्शे मिसरात जन्मला. बाप योसेफ, आई तिथलीच. योसेफाचा बाप याकोब म्हातारपणी डोळ्यांनी अधू झाला, तेव्हा योसेफाने दोन्ही मुलांना आशीर्वादासाठी त्याच्यापुढे उभे केले. थोरला मनश्शे त्याच्या उजव्या हाताशी, धाकटा एफ्राइम डाव्या हाताशी. म्हाताऱ्याने हात एकमेकांवरून आडवे नेले आणि मोठ्या आशीर्वादाचा उजवा हात ठेवला तो धाकट्याच्या डोक्यावर.

"म्हणून पलीकडच्या डोंगरावरचे एफ्राइमी अजून आपल्याला डाव्या हाताचे म्हणतात," आजी पीळ आवळत म्हणायची. "म्हणू देत. डाव्या हातानं पण भाकरी भाजता येते."

"आणि मिसर सोडून इथं आल्यावर जमीन कशी मिळाली गं, आजी?"

"चिठ्ठ्या टाकून आणि दोरानं मोजून. आपल्याच वंशात पाच बहिणी होत्या. बापाला मुलगा नव्हता. त्या उठल्या, थेट पंचांपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि वतन मागून घेतलं. अट एकच पडली. लग्न आपल्याच वंशात करायचं, म्हणजे जमीन बाहेर जात नाही."

पुरुषही ही गोष्ट सांगत. फक्त पाच बहिणींपाशी आले की त्यांना खोकला येई आणि गोष्ट तिथेच थांबे.

माझी लांबी गावकुसाच्या भिंतीवर ठरली. तिथे वेशीच्या दोन बाजूंना दोन खाचा कोरलेल्या आहेत. कोरडा दोर ताणून धरला की त्याची टोके बरोबर त्या खाचांत बसली पाहिजेत. कोरडा हा शब्द महत्त्वाचा आहे, मित्रांनो. जवसाचा वाख पाणी प्याला की एकेक तंतू फुगतो. तंतू जाड झाले की पीळ आवळतो, आणि पीळ आवळला की दोर आखडतो. वाळला की तो पुन्हा आपल्या मापावर येतो. यात जादू नाही आणि दोराचा लहरीपणाही नाही. म्हणूनच मला वेशीतल्या खोलीत, झाकणाच्या मडक्यात, कोरड्या राखेवर ठेवत. दव पूर्ण वाळल्याखेरीज मोजणीला न्यायचे नाही, हा नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

माझी चांगली वर्षे बरीच झाली. मी मळे मोजले, खळी मोजली, भावाभावांचे वाटे पाडले. मोजणी चालू असताना मला कोणी ओलांडत नसे. बैलगाडीसुद्धा थांबवून धरत. ज्यांना कमी जमीन आली तेही म्हणत, "दोरानं दिलं, आता काय बोलायचं." ते ऐकून मला बरे वाटत असे.

मग येशेर वारला. त्याच्या मागे एकुलती एक मुलगी होती, अटारा.

येशेर आणि त्याचा थोरला भाऊ शिम्री यांची जमीन एकत्र होती. थोरल्याचा जादा वाटा म्हणून वरचा द्राक्षमळा शिम्रीने आधीच घेतला होता. उरली ती खालची लांब पट्टी, पूर्वेच्या ओहळापासून पश्चिमेच्या ओहळापर्यंत. ती दोघांत सारखी वाटायची होती. शिम्रीच्या मते वाटायची काही गरजच नव्हती. त्याने आपल्या मुलासाठी, रेकेमसाठी, अटाराला मागणी घातली. वेशीत, सगळ्यांसमोर. मी खोलीतल्या मडक्यात होतो. मला सगळे ऐकू आले.

"पोरी, घरातली जमीन घरात राहील. दोराचाही त्रास वाचेल."

"काका, रेकेमनं गेल्या वर्षी माझ्या बाबांच्या आजारपणात आमची शेळी सोडून नेली. अजून परत केली नाही."

"शेळीवरून लग्न मोडतेस?"

"लग्न ठरलंच नाही, तर मोडेल कसं? मी उलामशी लग्न करणार आहे. तो आपल्याच वंशातला आहे. कायद्यात बसतंय."

"आली सहावी!" रेकेम ओरडला. "पाच बहिणी कमी होत्या, ही सहावी आली!"

सगळे हसले. त्या दिवसापासून गावात तिचे नाव सहावी पडले. पाणवठ्यावर, खळ्यावर, देवाच्या सणालाही. "सहावी आली, वाट सोडा, नाहीतर वाट पण मागेल." शिम्रीच्या घरच्या बायका तिचा घडा पाहिला की आपला घडा उचलून बाजूला नेत. बापाला मुलगा नाही आणि मुलीला लाज नाही, हे वाक्य तर तिच्या पाठीमागे इतक्यांदा बोलले गेले की शेवटी ते तिच्या तोंडावरही बोलले जाऊ लागले.

अटाराने वाटणी मागितली. पंचांना ती द्यावी लागली, कारण कायदा तसा होता. पण कायदा मान्य करतानाही त्यांची तोंडे लिंबू चोखल्यासारखी झाली होती.

सुगी संपली होती आणि नांगरट सुरू व्हायची होती. एका दुपारी मला बाहेर काढले. ऊन कडक होते, मी खडखडीत वाळलेला होतो. पंचांचे प्रमुख बदान आबा स्वतः आले. आधी सगळी पट्टी या ओहळापासून त्या ओहळापर्यंत मोजली. मोजणी चोख झाली. आता तिचा अर्धा भाग पूर्वेकडून मोजायचा, तिथे हद्दीचा दगड रोवायचा, आणि पलीकडे राहील तो दुसरा अर्धा. पण तोवर सूर्य कलला होता.

"आबा, उरलेलं सकाळी करू," शिम्री म्हणाला. "दोर उगाच वेशीत कशाला न्यायचा? सकाळी परत इथंच लागणार. राहू दे माझ्याकडे."

बदान आबांनी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. "बरं," ते म्हणाले. त्यांना काय कळले आणि काय कळले नाही, याचा विचार मी पुढे खूप केला. ज्याला दोर राखेवर का ठेवतात हे माहीत आहे, त्याला ते कळले नसेल असे मला वाटत नाही.

शिम्रीने मला अंजिराच्या झाडापलीकडे, उघड्या गवतात पसरून ठेवले. आमच्या डोंगरात या दिवसांत पडणारे दव पावसाच्या तोडीचे असते. सकाळी गवत पिळले तर पाणी निघेल, आणि मीही त्या गवतासारखाच झालो होतो.

उजाडताच शिम्री पंचांना घेऊन आला. पूर्वेच्या ओहळापासून त्याने मला लावायला सुरुवात केली. मी आखडलो होतो. एका वेळी फरक थोडाच पडत होता, पण तो प्रत्येक वेळी पडत होता. शेवटी हद्दीचा दगड जिथे रोवला गेला तिथून पश्चिमेला जैतुनाची एक अख्खी रांग राहिली. ती रांग खरे तर पूर्वेच्या वाट्यात यायला हवी होती.

पश्चिमेचा वाटा शिम्रीच्या घराला लागून होता. तो शिम्रीलाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते.

अटारा दगडाजवळ उभी होती. ती वाकली आणि तिने माझे टोक उचलले. लहानपणापासून तिने वाख हाताळला होता. तिच्या बोटांना ओल कळायला क्षणच लागला. तिने मला खाली ठेवले आणि पदराला हात पुसला. पदरावर ओल उमटली.

अझूबा आजी माझ्या शेजारीच बसली होती. ती कुजबुजली, "बोल की! सांग त्यांना."

"कोणाला सांगू, आजी? बदान आबांच्या पायांखाली बघ. चपला दवानं भिजल्यात. त्यांना काय दिसत नाही का?"

"मग काय करणार? गप्प बसणार?"

"आज बोलले तर म्हणतील, पोरगी काकाला चोर म्हणते. मोजणी पुढं ढकलतील. मग पेरणी येईल, मग पाऊस येईल, आणि माझं वतन तसंच लटकत राहील. नाही आजी. लहान वाटा आपल्यालाच येईल, ही भीती त्याला वाटली पाहिजे."

ती पंचांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, माझं एक मागणं आहे. कोणता वाटा कोणाचा, हे चिठ्ठीनं ठरू दे. आपल्या वंशाला जमीन चिठ्ठीनं मिळाली. मला पण तशीच हवी."

शिम्रीच्या कपाळावर आठी पडली. "चिठ्ठी कशाला? माझं घर पश्चिमेला. मी पश्चिम घेतो, तू पूर्व घे. सोपं आहे."

"दोन्ही वाटे सारखे आहेत ना, काका?"

"सारखेच आहेत."

"दोर बरोबर लागला ना?"

सगळ्यांनी शिम्रीकडे पाहिले.

मित्रांनो, हा क्षण मला आजही स्पष्ट आठवतो. तिने त्याला वाट मोकळी करून दिली होती. तो म्हणू शकला असता, जरा दव जास्त आहे, ऊन चढू दे, परत एकदा लावू. कोणी त्याला काही विचारले नसते. सगळे सुटले असते.

"बरोबर लागला," शिम्री म्हणाला. "का? तुला शंका आहे?"

"मला नाही. मग चिठ्ठी टाकायला हरकत नसावी."

पंचांना नाही म्हणता येईना. चिठ्ठी म्हणजे परमेश्वराचा निर्णय. तिला नको म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, असाच अर्थ निघतो. ऊन चढेपर्यंत सगळे वेशीत जमले. मला भिंतीजवळच्या दगडावर टाकले होते. दोन खापऱ्यांवर दोन खुणा केल्या, एक शिम्रीची, एक येशेरची. दोन्ही अरुंद तोंडाच्या मडक्यात टाकल्या. बदान आबांनी मडके उपडे धरून हलवायचे, आधी जी बाहेर पडेल तिला पश्चिम.

अटाराचा चेहरा पांढरा पडला होता. तिला ठाऊक होते की चिठ्ठी उलटी पडली तर ती लहान वाटा घेऊन आयुष्यभर गप्प राहणार होती. दोर ओला होता हे कळत असूनही तिने चिठ्ठी मागितली होती, मग नंतर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

मडके हलले. खापरी बाहेर पडली. तिच्यावर येशेरची खूण होती.

 शिम्री असा ओरडला की भिंतीवरची कबुतरे उडाली.

"हा दोर खोटा आहे! पूर्वेचा वाटा कमी भरलाय! परत मोजा!"

"आत्ता तर म्हणालास, बरोबर लागला," बदान आबा म्हणाले.

"जुना झालाय तो! मापात राहिला नाही! म्हातारीनं धड वळलाच नव्हता!"

"माझ्या दोराला नावं ठेवतोस, भाड्या?" अझूबा आजी काठी घेऊन उठली. "खाचांना लावून बघ! सगळ्यांसमोर लाव!"

दोघांनी मला उचलून गावकुसाच्या भिंतीवर ताणले. सकाळपासून मी उन्हात पडलो होतो. दव केव्हाच वाळले होते. माझी दोन्ही टोके त्या दोन खाचांत अशी बसली की मध्ये केसही सरकला नसता.

"दोर खरा आहे," बदान आबा हळूच म्हणाले. ते जमिनीकडे पाहत होते.

आता शिम्रीजवळ एकच उपाय होता. सकाळी दोर ओला होता, एवढे त्याने म्हणायचे. पण ते म्हटले की पुढचा प्रश्न येणार होता, की राखेतला दोर ओला कसा झाला?

अटारा पुढे आली.

"काका, मला जादा काही नको. मला माझ्या बाबांचा अर्धा हवा, बस. तुम्ही एवढंच म्हणा, दोर मीच गवतात ठेवला होता. लगेच परत मोजू. मी स्वतः दगड उपटून देते."

"तुझ्यासमोर म्हणू? तुझ्या?" शिम्री तिच्या अंगावर धावून गेला. उलाम मध्ये आला, तेव्हा तो वळला आणि त्याने माझ्यावर झडप घातली. कमरेचा विळा काढून त्याने मला मधोमध कापले. तीन पेड एका फटक्यात तुटले नाहीत. त्याला दोनदा मारावे लागले.

बायका किंचाळल्या. मोजणीचा दोर आजवर कोणी कापला नव्हता. पंचांनी लगेच सांगितले, ज्याने कापला त्याने कापलेला अर्धा घरी न्यावा आणि तो डोळ्यांसमोर ठेवावा. दुसरा अर्धा आजीने उलगडला. त्यातले चिमूटभर तंतू नव्या दोरात गेले, बाकीचे वाऱ्यावर गेले. मी जो तुमच्याशी बोलतो आहे, तो शिम्रीच्या वाट्याचा. त्याने मला खुंटीलाही टांगले नाही. दुसऱ्याच दिवशी बैलाच्या शिंगांना बांधले.

त्यानंतरची वर्षे भाऊबंदकीची होती. शिम्रीच्या घरचे अटाराच्या ओहळाचे पाणी पीत नसत. अटारा त्यांच्या उखळावर धान्य कांडत नसे. रेकेम तिच्या मुलांना दगड मारी, मग उलाम रेकेमची मेंढरे हाकलून देई. जैतुनाची ती रांग फळांनी वाकली की शिम्रीच्या घरातून हमखास कोणीतरी शिवी घाले. मुले कळती झाली आणि त्यांना एवढेच सांगितले गेले की त्या घरच्या बाईने आजोबांना फसवले.

अटाराने आपली अट कधी मागे घेतली नाही. दर वर्षी नांगरटीच्या आधी ती हद्दीच्या दगडाशी येऊन उभी राही, शिम्रीला दिसेल अशी. मग जाई. गावात म्हणत, किती ही माजोरी! पण मला वाटते, ती वाट पाहत होती.

बैलाला मात्र ही वाटणी कधीच कळली नाही. तो जुना बैल होता. दोन्ही भावांची जमीन एक असल्यापासून तो ती पट्टी या ओहळापासून त्या ओहळापर्यंत सरळ नांगरत आला होता. हद्दीच्या दगडाशी आला की तो थांबत नसे, पुढेच निघे. मग शिम्री मला हिसका देई, बैलाची मान वाकडी होई आणि नांगर वळे. नांगराच्या प्रत्येक ओळीला असेच.

शिम्री म्हातारा झाला तरी नांगर त्यानेच धरायचा, असा त्याचा हट्ट होता. एका सकाळी दगडाशी आल्यावर बैल पुन्हा पुढे निघाला. शिम्रीने मला ओढले नाही. तो पुढे झाला, बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला,

"वळ रे बाबा. इथंच संपतंय आपलं. दोर मीच ठेवला होता गवतात."

बांधापलीकडे अटारा बी पेरत होती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. तिने मान वर करून पाहिलेही. शिम्रीने मला हिसका दिला आणि आम्ही वळलो.

पेरलेले उगवण्याआधीच शिम्री गेला. त्याला पुरून आल्यावर रेकेम तडक हद्दीवर आला.

"माझ्या बापाला खाल्लंस, सहावे! आता तरी आमचा वाटा परत दे!"

"देते," अटारा म्हणाली. "तुझ्या बापानं जाताना तुला काही सांगितलं का?"

"काय सांगायचं होतं?"

 ती टोपली उचलून आपल्या शेतात परत गेली. दगड जिथे होता तिथेच आहे.

मित्रांनो, माझे फार दिवस राहिलेले नाहीत. पेड सुटत चालले आहेत. तुमच्या घरी जी काही मापे असतील, दोर, वजने, काठ्या, ती नीट जपा. वापरून झाली की पुसून कोरड्या जागी ठेवा. अधूनमधून खाचांना लावून पाहा. मी एवढेच सांगून थांबणार होतो. पण ते वाक्य मी ऐकले आहे. ज्या बाईला ते हवे होते ती बांधापलीकडे होती, आणि ज्याला ते मिळाले तो बैल होता. तुमच्याकडे कोणाचे असे वाक्य असेल, तर बांध ओलांडून त्याच माणसाला जाऊन सांगा. मला पाय असते तर मी गेलो असतो.